घड्याळ कधी सुरू करायचे?

जळगावहून निघालेली एसटी एरंडोल, पारोळा करीत सकाळी १० वाजता धुळ्याच्या स्थानकात शिरली. अंतर सुमारे ९० किलोमीटर. गाडीचा सरासरी वेग किती? हे गणित वर्गात घातले, तर एखादा चुणचुणीत विद्यार्थी लगेच विचारील, "पण गाडी सुटली किती वाजता?" ८ वाजता सुटली असेल तर वेग ताशी ४५ किलोमीटर, साडेसातला सुटली असेल तर ३६. पोहोचण्याची वेळ कितीही काटेकोरपणे टिपली, तरी सुटण्याची वेळ चुकली की उत्तर चुकलेच.

न्यूट्रॉनची ऊर्जा मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरपुढे हाच प्रश्न असतो. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने चुंबकाने त्याची वाट वळवून ऊर्जा ठरवता येत नाही. म्हणून ठरावीक अंतर तोडायला त्याला किती वेळ लागला, ते मोजायचे. १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन १ मीटर अंतर सुमारे २३ नॅनोसेकंदांत कापतो. १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉनला ७२ नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग!

न्यूट्रॉन पोहोचल्याची वर्दी सोपी आहे. तो विशिष्ट प्लास्टिकवर आदळला की क्षीण प्रकाश चमकतो आणि फोटोमल्टिप्लायर त्याचा विद्युत-स्पंद करतो. पण तो निघाला कधी? मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ साली सुरू झालेला पेलेट्रॉन त्वरक आहे. अशा त्वरकात आयनांचा प्रवाह सलग न सोडता ठरावीक अंतराने छोट्या-छोट्या पुंजक्यांत सोडता येतो. पुंजका लक्ष्यावर आदळतो, त्याच क्षणी न्यूट्रॉन निघतात. पुंजक्यांच्या तालाशी बांधलेला स्पंद हीच आपली 'सुटण्याची वेळ'.

आता दुसरी अडचण. स्पंद क्षणात उभा राहत नाही. तो चढत जातो. मग तो 'आला' असे कधी म्हणायचे? पांझरेला पूर येताना पुलावरच्या खुणेला पाणी लागले की इशारा द्यायचा, असे समजू. दोन पूर एकाच वेळी चढू लागले, तरी मोठ्या पुराचे पाणी खुणेला आधी लागेल. तसेच मोठा स्पंद ठरावीक उंची लवकर गाठतो, लहान स्पंद उशिरा. आणि एकाच वेळी आलेले दोन न्यूट्रॉन वेगवेगळ्या वेळी आल्यासारखे भासतात. यावर युक्ती अशी, की खूण ठरावीक उंचीवर न ठेवता प्रत्येक स्पंदाच्या स्वतःच्या उंचीच्या ठरावीक हिश्शावर, समजा एक-पंचमांशावर, ठेवायची. सारख्या आकाराचे स्पंद, लहान असोत वा मोठे, हा हिस्सा सारख्याच वेळात गाठतात. हे काम करणाऱ्या मंडलाला कॉन्स्टंट फ्रॅक्शन डिस्क्रिमिनेटर म्हणतात.

एवढे करूनही चूक होतेच. आमच्या उमेदवारीच्या दिवसांत आम्ही डिटेक्टरची एक केबल बदलली. नवी केबल १ मीटरने लांब होती, इकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. केबलमध्ये स्पंदाला १ मीटरसाठी सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. त्यामुळे २३ ऐवजी २८ नॅनोसेकंद दिसू लागले आणि १ कोटीचा न्यूट्रॉन ७० लाखांहूनही कमी ऊर्जेचा ठरला! आकडे नीटनेटके होते, आलेखही देखणा होता. तरी सारे खोटे होते.

चूक सापडली ती गॅमा किरणांमुळे. आयन आदळताना न्यूट्रॉनांबरोबर गॅमा किरणही निघतात. ते प्रकाशाच्याच वेगाने जातात, म्हणून १ मीटरला त्यांना ३.३ नॅनोसेकंदच लागायला हवेत. आमच्या आलेखात त्यांचे शिखर ८.३ वर उभे होते. प्रकाश काही रेंगाळत नाही. तेव्हा घड्याळाचे शून्यच सरकले होते. तेव्हापासून न्यूट्रॉनकडे पाहण्याआधी आम्ही गॅमाचे शिखर पाहतो.

हा धडा शाळेच्या मैदानावरही देता येईल. १०० मीटर शर्यतीत अंतिम रेषेवरचा वेळाधिकारी शिट्टी ऐकून घड्याळ सुरू करीत असेल, तर ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचेतो सुमारे ०.३ सेकंद निघून जातात आणि धावपटूची वेळ तेवढी कमी नोंदली जाते. दोघांच्या हाती घड्याळे द्या. एकाने निशाण खाली येताना पाहून, दुसऱ्याने पाठमोरे राहून त्याच क्षणी वाजलेली शिट्टी ऐकून घड्याळ सुरू करावे. थांबवताना मात्र दोघांनी एकाच इशाऱ्यावर थांबवावे. दहा वेळा करून सरासरी काढा. मग विद्यार्थ्यांना विचारा: यांतले कोणते घड्याळ खरे, आणि का?