उन्हाळा, अर्धशिशी आणि गोळ्या

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला की अर्धशिशीवाल्यांचे हाल सुरू होतात. रखरखीत ऊन, चुकलेलं जेवण, अपुरी झोप, कमी प्यायलेलं पाणी, काहीही निमित्त पुरतं. ट्रायजेमिनल नसेची टोकं सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात आणि अर्धं कपाळ ठणकू लागतं. कूलरची घरघरही सोसवत नाही. तरी घरातली बाई गोळी गिळून पोळ्यांना लागते.

मला खरी काळजी या गोळ्यांची वाटते. साधी वेदनाशामकंही महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अशी ३ महिन्यांहून जास्त घेतली, तर गोळीच डोकेदुखी वाढवते. झटके वारंवार येत असतील तर ते कमी करणारी वेगळी औषधं आहेत. अमरावतीचं इर्विन रुग्णालय असो वा अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दुखण्याचे आणि गोळ्यांचे दिवस वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या.