न्हावा शेवा बंदरावरील सायबर हल्ला (२०१७)

न्हावा शेवा बंदरावरील सायबर हल्ला ही रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात २७ जून २०१७ रोजी घडलेली घटना आहे. 'नॉटपेट्या' या घातक संगणक प्रणालीमुळे बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया (जीटीआय) या कंटेनर टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. हल्ल्याचा रोख या बंदरावर नव्हता. युक्रेनमध्ये सुरू झालेल्या हल्ल्याची झळ येथे पोहोचली.

पार्श्वभूमी

जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. ते देशातील प्रमुख कंटेनर बंदरांपैकी एक असून तेथील टर्मिनल वेगवेगळ्या कंपन्या चालवतात. जीटीआय हा डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स आणि भारतीय कंटेनर निगम यांचा संयुक्त उपक्रम आहे. कोणता कंटेनर आवारात कोठे ठेवला आहे, तो कोणत्या जहाजावर चढवायचा आणि कोणता ट्रक आत सोडायचा, याची नोंद संगणक प्रणालीत असते. त्यामुळे क्रेन, जहाजे आणि कामगार सज्ज असूनही ही नोंद उपलब्ध नसल्यास माल हलवता येत नाही.

हल्ल्याचे स्वरूप

युक्रेनमधील 'एम.ई.डॉक' या कर-लेखा सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून नॉटपेट्याचा शिरकाव झाला. विंडोज प्रणालीतील एका दोषाचा लाभ घेणारे 'इटर्नलब्लू' हे साधन वापरून तो एका संगणकातून दुसऱ्या संगणकात पसरला. या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध केली होती. मात्र नॉटपेट्या संगणकाच्या स्मृतीतून पासवर्डही चोरत असल्याने त्याच जाळ्यातील दुरुस्त केलेले संगणकही सुरक्षित राहिले नाहीत. पडद्यावर ३०० डॉलर मूल्याच्या बिटकॉइनची खंडणी मागितली जात असे. परंतु खंडणी भरूनही माहिती परत मिळण्याची सोय नव्हती.

परिणाम

जीटीआयकडील काही माल बंदरातील इतर टर्मिनलकडे वळवण्यात आला. अडकून पडणाऱ्या कंटेनरसाठी जागेची व्यवस्था करावी लागली. मर्स्क समूहाला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर प्रणाली नव्याने बसवावी लागली. समूहाने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचा अंदाज जाहीर केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने या हल्ल्यासाठी रशियाच्या लष्कराला जबाबदार धरले. रशियाने आरोप नाकारला. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच बंदरातील दुसऱ्या एका टर्मिनलला, जेएनपीसीटीला, रॅन्समवेअरचा फटका बसला.

प्रतिबंधक उपाय

केवळ दुरुस्ती बसवणे पुरेसे नसते, हे या घटनेने दाखवले. कार्यालयीन संगणक आणि टर्मिनल चालवणारी यंत्रणा यांची जाळी वेगळी ठेवणे, प्रशासकीय अधिकार मोजक्यांनाच देणे आणि माहितीची एक प्रत जाळ्याबाहेर ठेवणे हे मुख्य उपाय मानले जातात.

जाळ्याच्या वेशीवरील फायरवॉलसारखी उपकरणेही सदोष असू शकतात. 'कमांड इंजेक्शन' या प्रकारच्या दोषात उपकरण बाहेरून आलेला मजकूर न तपासता कार्यप्रणालीकडे सोपवते आणि त्यात दडवलेली आज्ञा उपकरणाच्याच अधिकाराने चालते. एप्रिल २०२४ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या फायरवॉलमध्ये असा दोष उघड झाला. त्याला तीव्रतेचे १० पैकी १० गुण देण्यात आले. अशा वेळी उत्पादकाची दुरुस्ती तातडीने बसवणे, ती येईपर्यंत सदोष सुविधा बंद ठेवणे आणि उपकरणाचे व्यवस्थापन-पान इंटरनेटवर उघडे न ठेवणे आवश्यक असते. दुरुस्तीमुळे पुढील शिरकाव थांबतो, आधी आत आलेला घुसखोर बाहेर जात नाही. म्हणून नोंदी तपासून पासवर्ड बदलावे लागतात.

भारतात अशा घटनांची माहिती 'सर्ट-इन' या शासकीय संस्थेला द्यावी लागते. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ती कळवणे बंधनकारक आहे.