भूगर्भाचा कानोसा (भाग ४) : पालथी परात आणि तिच्याखालचे तेल

मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्र फार खोल नाही. तळ ७५ मीटरच्या आसपास लागतो. ‘अकादेमिक आर्खांगेल्स्की’ हे सोव्हिएत जहाज १९६४ ते १९६७ या काळात खंभातच्या आखातात आणि त्या भागात फिरत होते. त्यावरचे रशियन आणि भारतीय तज्ज्ञ तळाखालच्या खडकांचे प्रतिध्वनी टिपत होते. त्या नोंदींत एका जागी थर पालथ्या परातीसारखे वर उचललेले दिसले. मुंबई हाय ती हीच. नावातला ‘हाय’ म्हणजे हा उंचवटा.

गेल्या आठवड्यात पाहिलेले गुरुत्वमापन शोधाची दिशा दाखवते. थरांचा आकार हवा असेल तर खडकावर टकटक करावी लागते.

आज समुद्रात ही टकटक एअरगनने होते. दाबून भरलेली हवा दर काही सेकंदांनी पाण्यात एकदम सोडली जाते. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांबीची केबल ओढली जात असते आणि तिच्यातले हायड्रोफोन खालून परतणारे ध्वनितरंग टिपतात. जिथे खडक बदलतो, तिथून तरंगाचा काही भाग मागे फिरतो.

यंत्राला कळते ती फक्त वेळ. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणून ७५ मीटर जाऊन परतायला त्याला एक दशांश सेकंद लागतो. इथवर गणित सरळ आहे. गोंधळ तळाखाली सुरू होतो. एका सेकंदाने आलेला प्रतिध्वनी किती खोलवरचा? खडकातला वेग सेकंदाला २००० मीटर धरला तर थर १००० मीटरवर, ३००० धरला तर १५०० मीटरवर. वेगाचा अंदाज चुकला की अर्ध्या किलोमीटरचा घोळ!

यावरचा तोडगा अमेरिकन भूभौतिकतज्ज्ञ हॅरी मेन यांनी १९५० मध्ये मांडला. एकाच भूमिगत बिंदूचा प्रतिध्वनी वेगवेगळ्या अंतरांवरून पुनःपुन्हा ऐकायचा आणि त्या नोंदी एकमेकींत मिळवायच्या. लाटांचा, यंत्रांचा गोंगाट अशाने दबतो आणि खरा प्रतिध्वनी उठून दिसतो. शिवाय अंतर वाढेल तसा प्रतिध्वनी किती उशिरा येतो, यावरून खडकातला वेगही काढता येतो. एका दगडात दोन पक्षी म्हणावेत तर हे.

एवढे करून दिसते ती परात, तेल नव्हे. जमिनीखाली तेलाचे तळे असते ही समजूत चिवट आहे. प्रत्यक्षात तेल खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते. मुंबई हायमध्ये ते मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. तसाच उंचवटा, तसाच चुनखडक, पण छिद्रांत नुसते खारे पाणी, असेही घडू शकते. वायूचा तर आणखी चकवा. छिद्रांत तो थोडासा असला तरी खडकातला ध्वनीचा वेग बराच घटतो आणि प्रतिध्वनी ठळक उमटतो. मोठा साठा आणि नगण्य साठा अशा वेळी दिसायला सारखेच!

म्हणून शेवटी भोकच पाडावे लागते. १९७२-७३ मध्ये मुंबई हायचे अधिक बारकाईने सर्वेक्षण झाले. मग जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या फलाटाने तिथे पाय रोवले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले. पुढे एक रुपयाच्या नोटेवरही ‘सागर सम्राट’ झळकले.

विहीर लागते ती आणखी एका कारणासाठी. तरंगाची वारंवारता सेकंदाला ३० कंपने आणि वेग ३००० मीटर असेल, तर त्याची लांबी १०० मीटर भरते. तिच्या चौथाईहून, म्हणजे २५ मीटरहून पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे ओळखणे अवघड जाते. चुनखडकातले सच्छिद्र पट्टे कधीकधी काही मीटरच जाडीचे असतात. ते मोजायला उपकरण विहिरीतच सोडावे लागते. विजेच्या साह्याने अशी पहिली नोंद १९२७ मध्ये फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन इथल्या एका विहिरीत घेतली गेली. पुढच्या आठवड्यात त्या विहिरीत उतरू.