समुद्रातला वायू कुणाच्या मालकीचा?

ऊर्जासुरक्षा हा शब्द निघाला की चर्चा मंत्रालये, तेल कंपन्या आणि मोठमोठ्या आकड्यांमध्येच अडकते. पण नैसर्गिक वायूचा संबंध शेतातल्या युरियाच्या गोणीशी आहे, वीजबिलाशी आहे आणि समुद्रातल्या फलाटांवर कंत्राटी कामाला जाणाऱ्या तरुणांच्या जिवाशीही आहे. म्हणून हा विषय आपण समजून घेतला पाहिजे.

पुरेशी ऊर्जा, परवडणाऱ्या दरात, खंड न पडता मिळणे म्हणजे ऊर्जासुरक्षा. भारताला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो. उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप केलेला हा वायू जहाजांनी दहेज, दाभोळ अशा बंदरांवर उतरतो. त्यातला मोठा वाटा कतारहून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. तिथे तणाव वाढला की इथे पुरवठ्याची चिंता सुरू होते. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे जागतिक बाजारात वायूचे भाव भडकले आणि करार झालेली काही जहाजेसुद्धा भारताला मिळाली नाहीत. युरिया वायूपासूनच बनतो. त्यामुळे वायू महागला की खतावरील अनुदानाचा बोजा सरकारी तिजोरीवर, म्हणजे जनतेवरच पडतो.

यावर एक उपाय म्हणजे आपल्याच समुद्रात शोध घेणे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट' या जहाजाने १९७४ मध्ये मुंबई हायचे तेल शोधले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे या भागातला वायू उरण आणि हजिरा इथे किनाऱ्यावर येऊ लागला.

शोध म्हणजे लगेच वायू नव्हे. आधी जहाजावरून ध्वनिलहरी सोडून समुद्रतळाखालच्या खडकांचा नकाशा काढतात. मग विहीर खोदतात, आणि अनेकदा ती कोरडी निघते. वायू सापडला तरी तो किती टिकेल याची खात्री नसते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या रिलायन्सच्या केजी-डी६ क्षेत्रात २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २०१० मध्ये ते दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटरपर्यंत गेले. नंतर मात्र ते झपाट्याने घसरले. कंपनीने भूगर्भरचनेकडे बोट दाखवले. ठरल्याइतक्या विहिरी खोदल्याच नाहीत, असा ठपका सरकारने ठेवला. वाद लवादापर्यंत गेला. या वायूच्या भरवशावर उभी राहिलेली अनेक वीजकेंद्रे मात्र इंधनाविना बसून राहिली.

हा वायू कुणाचा, याचे उत्तर संविधानात आहे. अनुच्छेद २९७ नुसार प्रादेशिक समुद्र, सागरमग्न खंडभूमी आणि अनन्य आर्थिक क्षेत्रातली खनिजसंपत्ती संघराज्याच्या मालकीची आहे. २०१० मध्ये अंबानी बंधूंच्या वायूवादात सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केले. दोन भावांमधला खासगी करार सरकारच्या वायुधोरणावर मात करू शकत नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता. कंपनी वायू काढते, पण ती त्याची मालक नसते.

मालकी कागदावर असून भागत नाही, हिशेबही चोख लागतो. जुन्या करारांत कंपनी आधी आपला खर्च वसूल करायची आणि उरलेल्या नफ्यात सरकारला वाटा द्यायची. खर्च जितका मोठा दाखवला जाईल, तितका जनतेचा वाटा लांबणीवर पडायचा. २०१६ च्या धोरणाने नव्या करारांत थेट उत्पन्नात वाटा आणला. मात्र नियम बदलले तरी देखरेखीची गरज संपत नाही.

आणि माणसांचे काय? जुलै २००५ मध्ये मुंबई हायच्या फलाटाला आग लागून २२ जणांचा जीव गेला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि ७० हून अधिक कामगार मृत्यू पावले. वादळाचे इशारे आधीच दिले गेले होते. तराफ्यावरचे कामगार मुख्यतः कंत्राटी होते.

देशाला स्वतःचा वायू हवा, यात शंका नाही. पण तो काढणाऱ्या कामगाराला सुरक्षा नसेल, मच्छीमाराला विचारलेच जात नसेल आणि करारांचा हिशेब जनतेपुढे येत नसेल, तर सुरक्षित नेमके कोण झाले? ऊर्जासुरक्षेची पुढची घोषणा ऐकाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: वायूचा दर कोण ठरवतो, नफा कुणाकडे जातो आणि धोका कुणाच्या वाट्याला येतो? संविधानाने ही संपत्ती देशाची मानली आहे. त्यामुळे हे विचारणे आपला हक्क आहे.