काहिलीतल्या तापमानाची नोंद

दिवाळीच्या सुमारास कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळे सुरू होतात. उसाचा रस मोठ्या काहिलीत ओततात. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडे जळत असतात. रस उकळू लागला, की वर आलेली मळी काढून टाकतात. रस आटत जातो, घट्ट होतो. मग गुळव्या पाकाचे थेंब थंड पाण्यात टाकून पाहतो. त्यांची गोळी झाली, की तो काहील उतरवायला सांगतो.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या नावलौकिकामागे गुळव्याचा अनुभव आहे. पाक लवकर उतरवला, तर गूळ नीट घट्ट होत नाही. उशीर झाला, तर तो करपून काळपट होतो. घट्ट गुळासाठी पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसला उतरवतात. नवशिक्यालाही हा क्षण ओळखता यावा, म्हणून तापमानाची नोंद ठेवायची आहे. ती थोड्या खर्चात कशी ठेवता येईल?

रसात पाणी भरपूर असते, तोवर तापमान शंभर अंशांच्या आसपास बराच वेळ रेंगाळते. पाणी उडून गेल्यावर मात्र ते भराभर चढते. ही चढण समजण्यासाठी दर दहा सेकंदांनी आकडा लिहिला पाहिजे. धुरात आणि वाफेत उभे राहून माणसाला हे जमणार नाही, यंत्राला जमेल.

यंत्राचा पहिला भाग म्हणजे संवेदक. बाजारात 'डीएस १८ बी २०' नावाचा संवेदक स्वस्त मिळतो. दुधाच्या किंवा पाण्याच्या टाकीसाठी तो चांगला आहे. पण त्याची मर्यादा १२५ अंशांची आहे. ११८ अंश या मर्यादेच्या फार जवळ येतात. शिवाय त्याची प्लॅस्टिकची वायर उष्णतेने मऊ पडण्याची भीती असते. 'थर्मोकपल' हा दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा संवेदक शेकडो अंश सहज सोसतो आणि तोही महाग नसतो. म्हणून काहिलीसाठी थर्मोकपल घ्यावा. त्याचा संकेत फार क्षीण असतो. तो वाचण्यासाठी 'मॅक्स ६६७५' ही चिप जोडावी लागते.

दुसरा भाग म्हणजे नोंद करणारा छोटा संगणक. इटलीत २००५ साली विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून 'आर्डुइनो' तयार झाला. त्याला मेमरी कार्ड जोडले, की आकडे साठत जातात. तासाला ३६० आकडे होतात. त्यांना लहानात लहान कार्डही पुरून उरते. वीज गेली तरी नोंद थांबू नये, म्हणून तो बॅटरीवर चालवावा. एका काहिलीची नोंद ठेवायची असेल, तर वेगळे घड्याळही नको. सुरुवातीपासूनचे सेकंद मोजले तरी पुरे. जे लागत नाही ते न घेणे, हीसुद्धा बचतच आहे.

तिसरा भाग म्हणजे सॉफ्टवेअर. आर्डुइनोचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. साठवलेले आकडे 'लिब्रेऑफिस' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून आलेख काढता येतो. त्यासाठी शाळेतला जुना संगणकही चालतो.

यंत्रावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. वितळत्या बर्फात त्याने शून्य अंश दाखवला पाहिजे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. म्हणून येथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. उकळत्या पाण्यात यंत्राने १०१ दाखवले, तर ते तीन अंश जास्त दाखवते असे समजावे आणि तेवढे वजा करावेत. ही परीक्षा मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावी.

आता गुळव्याजवळ उभे राहा. तो ज्या क्षणी "उतरवा" म्हणेल, ती वेळ लिहून घ्या आणि नंतर आलेखावर शोधा. अशा दहा-बारा काहिलींच्या नोंदी जमल्या, की त्याच्या नजरेतले ज्ञान आकड्यांत दिसू लागते. यंत्र अंश सांगते. रस कसा आहे, हे मात्र गुळव्याच सांगतो. दोघांचे ऐकणारा लवकर शिकतो.

शब्दार्थ
काहील – रस आटवण्याची मोठी, पसरट कढई
चुलवाण – गुऱ्हाळाची मोठी चूल
चिपाड – रस काढलेला ऊस
गुळव्या – गूळ तयार करणारा कारागीर
संवेदक – उष्णता जाणून विजेचा संकेत देणारा भाग

स्वाध्याय
१. पाक लवकर किंवा उशिरा उतरवला तर काय होते?
२. काहिलीसाठी थर्मोकपल का निवडावा?
३. 'गूळ', 'ऊस' आणि 'रस' यांना तुमच्या मातृभाषेत काय म्हणतात?