नवऱ्याच्या चरित्रातून बाहेर

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ साली गेले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१० मध्ये, रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध झाले. तोवर रमाबाई पुण्याच्या सार्वजनिक जीवनात स्वतःच्या नावाने ओळखल्या जात होत्या. आदल्याच वर्षी पुण्यात त्यांच्या पुढाकाराने स्त्रियांसाठीचे सेवासदन उभे राहिले होते. पुस्तकात मात्र यातले काही नाही. रानड्यांच्या मृत्यूपाशी ते थांबते. पत्नीला लिहायची परवानगी होती ती पतीविषयी. पती संपला की लिहिण्याजोगे आयुष्यही संपले, असा त्या काळचा हिशेब.

तरीही आज ते पुस्तक वाचावे ते रानड्यांसाठी नव्हे. अकराव्या वर्षी एकतीस वर्षांच्या विधुराशी लग्न झालेली मुलगी इंग्रजी शिकू लागते, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायका तिला कसे टोचून खातात, हे त्यात जिवंत उतरले आहे. शिकवणारा नवरा दिवसभर कोर्टात, आणि शिकण्याची किंमत मोजायची ती माजघरात. रानड्यांच्या मनाविरुद्ध वागल्याबद्दल त्यांनी धरलेला अबोला, आणि त्यांच्या तळपायांना तूप चोळत बसलेल्या रमाबाई, हा प्रसंग तर सुधारकाच्या घरातल्या सत्तेबद्दल एखाद्या प्रबंधापेक्षा जास्त सांगतो. रमाबाईंनी तो तक्रार म्हणून लिहिलेला नाही. म्हणूनच तो जास्त बोचतो.

याआधी मराठी बाई बोललीच नव्हती असे नाही. सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी अभंगांतून आपले चरित्र सांगितले. त्यात तुकोबांच्या नादी लागली म्हणून संतापणारा नवराही आहे. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचे. ताराबाईंनी मात्र साऱ्या पुरुषजातीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पण त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हे पहिलेही विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले ते १९७५ मध्ये. या ९३ वर्षांत मराठीत स्त्रीप्रश्नावर केवढे लिहिले गेले, आणि तेही बहुतांशी पुरुषांनी! त्यातल्या फार थोड्यांना ताराबाईंचे नाव ठाऊक असेल.

रखमाबाईंची गोष्ट प्रत्यक्ष आयुष्यातली. अकराव्या वर्षी झालेले लग्न त्यांनी मानले नाही. नवरा मुंबईच्या कोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने कौल दिला, तर १८८७ मध्ये फिरून सुनावणी होऊन 'नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा' असा हुकूम झाला. त्या तुरुंगाला तयार झाल्या. १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी नोकरी केली. त्यांची वर्तमानपत्रातली पत्रे मात्र 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने इंग्रजीत छापली गेली. कोर्टात नावानिशी उभे राहता येत होते; छापील पानावर ते नाव झाकावे लागले.

लक्ष्मीबाई टिळकांकडे सावकाश यायला हवे. १९३४ पासून चार भागांत आलेली 'स्मृतिचित्रे'ही निघाली ती पती नारायण वामन टिळकांच्या आठवणी म्हणूनच. मुलगा वडिलांचे चरित्र जुळवत होता, त्याला आईकडून माहिती हवी होती. लक्ष्मीबाईंचे शिक्षण घरातल्या घरात, जेवढे टिळकांनी शिकवले तेवढे. पण त्यांनी लेखणी हाती घेतली आणि चरित्रनायक बघता बघता त्यांच्या पुस्तकातले एक पात्र होऊन गेला: प्रतिभावान, तापट, हातात पैसा न टिकणारा, कोणाच्याही हाकेला धावणारा. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. पुढची काही वर्षे मुलाला घेऊन लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण नवऱ्यामागे फरफटत जाऊन नव्हे. त्यांचे वडील सोवळ्याने झपाटलेले. पाण्याने धुतल्याशिवाय घरात काही येत नसे. अशा घरातली मुलगी जात कोणी केली असेल याचा स्वतःशी विचार करते आणि कोणाच्याही हातचे खायचे ठरवते. टिळकांचा धर्म पुस्तकांतून बदलला, लक्ष्मीबाईंचा चुलीपाशी. दोघांत अधिक अवघड काम कोणाचे, हे ज्याने त्याने ठरवावे. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्यही पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले.

त्यांचा विनोद हा अनेकांना गोडवा वाटतो. खरे तर तो त्यांचा बचाव आहे आणि हत्यारही. नवऱ्याची पूजा न करता आणि त्याला न झोडपता त्याच्याबद्दल लिहिण्याची तिसरी वाट मराठीत त्यांनी पाडली.

कर्व्यांच्या घरातून दोन पुस्तके आली, तीही दोन बहिणींची. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. 'माझे पुराण' १९४४ मध्ये आले. नवरा संस्थेला सारे वाहून टाकतो तेव्हा घरी डाळ-तांदळाची तजवीज कोण करते, हा प्रश्न महर्षींच्या चरित्रांत सहसा येत नाही, इथे येतो. बहीण पार्वतीबाई आठवले कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. १९१२ मध्ये त्यांनी केशवपन सोडले आणि नंतर, इंग्रजी जेमतेम येत असताना, अमेरिका गाठली. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या. 'माझी कहाणी' १९२८ सालची. बाईचे स्वातंत्र्य कमाईशी बांधलेले आहे, हे इतके साधेपणाने तोवर कोणी लिहिले नसावे.

कादंबरी-कथेत वाट वेगळी होती. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आले तेव्हा विभावरी शिरूरकर म्हणजे कोण, यावर महाराष्ट्रात गदारोळ झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले लिहिणारी ही बाई बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर, हे नंतर कळले. टोपणनावाची ती आडभिंत नसती तर पुस्तक आलेच नसते.

१९७० च्या सुमारास भीड चेपली. अभिनेत्री हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका' हे आत्मचरित्र अरुण साधूंना सांगितले. शीर्षक त्यांच्याच १९५९ च्या गाजलेल्या चित्रपटाचे. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला. मल्लिका अमरशेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४), माधवी देसाईंचे 'नाच गं घुमा' (१९८८) आणि सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' (१९९०) ही तिन्ही पुस्तके प्रसिद्ध नवऱ्यांच्या घरातून आली. वाचकांनी ती बहुतेक वेळा नवऱ्यासाठी विकत घेतली आणि ते नवऱ्याच्या वतीने रागावलेही. सुनीताबाईंवर रागावणाऱ्यांना 'पुलं' घरात कसे, हे ऐकायचे नव्हते. पण सुनीताबाई सर्वांत कठोर आहेत त्या स्वतःशी, हे त्या रागात निसटून गेले.

आणि दलित स्त्रीचे घर? तिथे दोन उंबरठे होते, एक जातीचा आणि एक नवऱ्याचा. फलटणला किराणा दुकान चालवणाऱ्या बेबीताई कांबळे गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत आणि वह्या घरच्यांपासून लपवून ठेवत. अनेक वर्षे हे चालले. 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपात आले. त्यात बेबीताई स्वतःपेक्षा महारवाड्याबद्दल जास्त बोलतात. पण सुनेला छळणारी सासू आणि बायकोला मारणारा नवरा यांनाही सोडत नाहीत. त्याच सुमारास शांताबाई कांबळे यांची 'माझ्या जल्माची चित्तरकथा' आली, आणि दूरदर्शनवर 'नाजुका' या नावाने ती घराघरांत पोचली. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) संस्कृत शिकलेल्या दलित बाईला नोकरी देताना व्यवस्था कशी अडखळते, ते दाखवते. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) कोकणातली आई बांबूच्या टोपल्या विणून मुले वाढवते, आणि मुंबईत नोकरी करत एम.ए. करणाऱ्या मुलीला नवऱ्याची नाराजी झेलावी लागते. रमाबाईंना शिकण्याचा आग्रह नवऱ्याने केला होता. शंभरएक वर्षांनी उर्मिलाताईंना नवऱ्याला न जुमानता शिकावे लागले. प्रगतीची रेघ सरळ वर जाते असे मानणाऱ्यांनी ही दोन पुस्तके पाठोपाठ वाचावीत.

पण लिहिणाऱ्या बायका मूठभरच. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हे ओळखले होते. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या, सभा गाजवलेल्या, पण चळवळीच्या इतिहासात नावही न आलेल्या बायकांना शोधत त्या घरोघर गेल्या, त्यांना बोलते केले आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले. त्यातल्या बऱ्याच जणींनी स्वतःबद्दल कधी एक ओळ लिहिली नव्हती. विचारायला मात्र तोवर कोणी त्यांच्या दारी गेले नव्हते.