मंगोलियाची हरवलेली आडनावे परत कशी आली?

‘तुमचे कूळ कोणते?’ मंगोलियात अनेकांकडे याचे उत्तरच नव्हते. १९२०च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीने सरंजामी घराण्यांचा प्रभाव मोडण्यासाठी कुळनावे बंद केली. पुढच्या दोन-तीन पिढ्या वडिलांचे आणि स्वतःचे नाव एवढ्यावरच राहिल्या. प्रश्न नुसता भावनेचा नव्हता. एकाच कुळात लग्न टाळण्याची जुनी रीत आता पाळायची कशी?

१९९०मध्ये लोकशाही आली आणि १९९७च्या कायद्याने कुळनाव पुन्हा सक्तीचे झाले. मूळ नाव न सापडलेल्या अनेकांनी थेट चंगीझ खानाचे ‘बोर्जिगिन’ लावले. म्हणजे गोंधळ होता तिथेच! १९८१मध्ये अंतराळात गेलेले गुर्रागचा यांनी मात्र नवेच नाव घेतले: ‘सान्सार’, अर्थात ब्रह्मांड. शब्द मूळ संस्कृत, आपलाच ‘संसार’.